छीगोंग म्हणजे नक्की काय? आईसाठी विचारतोय (वय ६६, गुडघेदुखी)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी,

आई ६६ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, रक्तदाबाची गोळी चालू आहे. पूर्वी योगवर्गाला जायची, पण तिथे सगळं सतरंजीवर. खाली बसलं की उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. त्याची तिला लाज वाटायला लागली आणि जाणं बंद झालं. आता सोसायटीतल्या एका मावशींनी तिच्या डोक्यात नवीन भरवलंय. हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर आहे, 'चिनी ऊर्जा-श्वसन'. घेणारे गृहस्थ म्हणे तळहातातून समोरच्याच्या अंगात ऊर्जा सोडतात, आणि त्यांच्याकडे तिसऱ्या पातळीपर्यंत शिकलं की गोळ्या सुटतात. फी ऐकून मी जागीच गार झालो.

शोधलं तर छीगोंग, थाई ची, ची, मेरिडियन असं बरंच काही समोर आलं आणि डोक्याचा भुगा झाला. माझे प्रश्न साधे आहेत. हा प्रकार मुळात काय आहे? अनुलोम-विलोम ती रोज करतेच, मग यात वेगळं काय? घरच्या घरी उभ्याने करण्यासारखं काही आहे का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया लिहा.

जरा_थांबा

'गोळ्या सुटतात' म्हणाला ना तो? मग पुढचं ऐकायची गरजच नाही. ऊर्जा तळहातातून सुटत असती तर महावितरणने त्याला कधीच कामावर घेतलं असतं.

सूचौवाली_काकू

शिबिराला पाठवू नकोस आणि गोळी बंद करू देऊ नकोस, हे आधी. आता बाकीचं निवांत सांगते. मोठं होईल, चहा घेऊन बस.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं चीनमध्ये सूचौला होतो. शांघायपासून वेगवान रेल्वेने साधारण अर्ध्या तासाचं अंतर. आमच्या वसाहतीत कापराच्या झाडांखाली फरशी घातलेलं एक अंगण होतं. तिथे रोज सकाळी बायका जमायच्या, चारदोन पुरुषही असायचे. बहुतेक सगळ्या निवृत्त. पुढे उभ्या राहणाऱ्या बाई पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे लाओशी म्हणत, आपण 'बाई' म्हणतो तसं. त्या एक छोटा लाल स्पीकर फांदीला अडकवायच्या, त्यावर संगीत आणि एका पुरुषाचा आवाज, की सगळ्यांचे हात एकदम वर. बारा मिनिटांत एक फेरी पुरी. नंतर थर्मास उघडायचे, गरम पाण्यात लाल गोजी बेऱ्या तरंगत असायच्या, आणि सुनांच्या कागाळ्या सुरू व्हायच्या. चिनी येत नसलं तरी कागाळ्या कळतात.

त्या करायच्या त्या संचाचं नाव बादुआनचिन. आठ हालचाली, सगळ्या उभ्याने, सतरंजी लागत नाही. तुझ्या आईला हेच चालेल असं मला वाटतं. त्याकडे येतेच.

छीगोंग हे एकाच व्यायामाचं नाव नाही. बसून, उभ्याने, चालत, कधी नुसतं झाडासारखं निश्चल उभं राहून करायच्या शेकडो पद्धतींना मिळून तसं म्हणतात. सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या: शरीर लावायचं, श्वास लावायचा, मन लावायचं. थाई ची हा युद्धकलेतून आलेला त्याचा चुलतभाऊ. हालचाली लांबलचक, लक्षात ठेवायला अवघड. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत. बादुआनचिनमध्ये एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची असते, त्यामुळे पुढे काय आहे याची चिंता नाही.

आता गुडघ्यांवरून आठवलं. १९७३ साली हुनान प्रांतात छांगशाजवळ मावांगदुई इथे हान राजवटीच्या काळातली एक कबर खणली. कबर बंद झाली होती इसवी सनापूर्वी १६८ मध्ये. आत रेशमावर रंगवलेलं एक चित्र होतं, पार तुकडे तुकडे झालेलं. जोडल्यावर त्यात ४४ माणसं व्यायाम करताना दिसली. बायका आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत. कोणी अस्वलासारखं, कोणी पक्ष्यासारखं, एकजण हातात काठी घेऊन वाकलेला. काही आकृत्यांशेजारी अक्षरं आहेत, त्यात व्यायाम कशासाठी ते लिहिलंय. एक बहिरेपणासाठी आहे आणि एक चक्क गुडघेदुखीसाठी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कुणाची तरी आई जिना चढताना कण्हत होती.

त्या काळी याला छीगोंग म्हणत नसत, दाओयिन म्हणत. च्वांगत्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या ताओवादी ग्रंथात जुना श्वास सोडून नवा घेणाऱ्यांचा आणि अस्वल-पक्ष्यांची नक्कल करणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि तोही किंचित चिमटा काढत. आयुष्य वाढवायच्या मागे लागलेले लोक, असा. पुढे हान काळाच्या अखेरीस ह्वा थुओ नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी अशा पाच प्राण्यांचा खेळ बसवला. शिष्याला तो म्हणाला होता की शरीराला श्रम हवेत पण कमाल गाठू नये, सतत हलणारी दाराची बिजागरी कुजत नाही. तो शिष्य नव्वदी ओलांडून गेला आणि दात शाबूत होते, असं जुन्या इतिहासात लिहिलंय. दातांचं कितपत खरं मानायचं ते तुझं तू ठरव.

हे सगळं जुनं आहे यात शंका नाही. पण 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' म्हणून जे विकतात ना, तिथे मात्र डोळे उघडे ठेवायचे. आज आपण छीगोंग म्हणतो ती चौकट माझ्या आईच्या पिढीइतकी जुनी आहे. हबेइ प्रांतात लिउ ग्वेइचन नावाचा कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता होता. पोटातल्या अल्सरने आणि निद्रानाशाने बेजार झाला, म्हणून १९४७ मध्ये गावी पाठवला गेला. तिथे एका जाणत्याकडून श्वासाची एक पद्धत शिकला आणि बरा झाला. मग पक्षातल्या लोकांनी ठरवलं की ही विद्या लोकांसाठी वापरायची, पण देवधर्म, मंत्र, गुरुबाजी काढून टाकायची. श्वासाबरोबर मनात म्हणायचे शब्दसुद्धा बदलून 'मी शांत बसलो आहे' अशा अर्थाचे साधे केले. छीगोंग हे नाव १९४९ च्या सुमारास पक्कं झालं. १९५० च्या दशकात बेइदाइहेला समुद्रकाठी त्याचं आरोग्यधाम निघालं आणि १९५७ मध्ये लिउचं उपचारपद्धतीवरचं पुस्तक आलं. वाचताना मला आपलं लोणावळ्याचं कैवल्यधाम आठवलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाला प्रयोगशाळेत आणलं, तोच हा मार्ग, फक्त तिकडे मागे सरकार उभं होतं. सरकार उभं असण्याचा तोटाही झाला: सांस्कृतिक क्रांती आली तेव्हा याच लिउला सगळ्यांसमोर झोडपलं आणि आरोग्यधाम बंद पाडलं.

नंतर १९८० च्या दशकात जे झालं ते तुझ्या शिबिरवाल्याच्या कुंडलीत बसतं. बागाबागांत गुरू उगवले. क्रीडागारं भरायची, व्यासपीठावरून एकजण हजारोंच्या अंगात 'ची' (आपण प्राणशक्ती म्हणतो तसं काहीतरी) सोडायचा, लोक रडायचे, हसायचे, थरथरायचे. कानाने अक्षरं वाचणारी मुलं वर्तमानपत्रांत झळकायची. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक छ्येन श्वेसेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही या संशोधनाची पाठराखण केली, मग बाकीच्यांचं काय! विश्वातला संदेश पकडायला डोक्यावर पातेली घालून ध्यानाला बसलेल्या लोकांचा एक फोटो आहे, तो बघून मी हसले आणि नंतर वाईट वाटलं. त्या लाटेत बऱ्याच जणांची मनं बिघडली. चिनी मानसोपचारतज्ज्ञांनी त्या आजाराला स्वतंत्र नाव दिलं, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेतही त्याची नोंद आली. त्यानंतर १९९९ मध्ये फालुन गोंग या छीगोंग पंथावर बंदी आली, बाकीचे पंथही गुंडाळले गेले, आणि क्रीडा खात्याने तज्ज्ञ बसवून जुन्या संचांची प्रमाण रूपं तयार केली. २००३ मध्ये चार संच आले: बादुआनचिन, पाच प्राण्यांचा खेळ, ईचिनचिंग (याच नावाच्या जुन्या ग्रंथावरून) आणि सहा ध्वनींचा लिउत्सज्वे. आमच्या अंगणातला स्पीकर वाजायचा तो हाच सरकारी बादुआनचिन.

म्हणून सांगते, तिकडच्या सामान्य माणसाने हे सगळं भोगून झालंय. आमच्या घोळक्यात ऊर्जा सोडणारं कुणी नव्हतं. मी एकदा हातातल्या मुंग्यांबद्दल लाओशींना मोडक्यातोडक्या चिनीत विचारलं, ही ची का? त्या म्हणाल्या, "हात गरम झाले ना? मग नाश्त्याला जा."

आता प्रत्यक्ष करायचं कसं. प्रत्येक हालचालीला सात अक्षरांची एक ओळ आहे. पहिली ओळ म्हणते, दोन्ही हातांनी आकाश तोला. पाय खांद्याइतके अंतरावर, गुडघे किंचित सैल, ताठ लॉक करायचे नाहीत. पोटासमोर बोटं एकमेकांत गुंफायची, तळवे वर. हात छातीपर्यंत आणायचे, तिथे तळवे उलटे करून डोक्यावर ढकलायचे. नजर हातांमागे वर जाते, मग हनुवटी खाली, क्षणभर थांबा, बोटं सोडून हात दोन्ही बाजूंनी सावकाश खाली. वर जाताना श्वास आत, येताना बाहेर. एवढंच. आईला पहिले काही दिवस ही एकच हालचाल करू दे. खांदे कानाला चिकटतात का ते बघ. आपण भारतीय बायका खांद्यावर सगळा संसार घेऊन उभ्या असतो. लाओशी माझ्या खांद्यांवर मागून टिचकी मारायच्या.

दुसरीत डावी-उजवीकडे धनुष्य ओढायचं, नजर बाणाच्या टोकावर. ही मला सगळ्यांत आवडते, बरगड्या मोकळ्या होतात. तिसरीत एक तळवा आकाशाकडे आणि दुसरा जमिनीकडे दाबायचा. चौथीत हात बाहेर वळवून मान मागे वळवायची, कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या तुझ्यासाठीही उत्तम. पाचवीत खाली बसल्यासारखं होऊन धड आणि माकडहाड गोल फिरवायचं असतं. ती तुझ्या आईने सोडून द्यावी. सहावीत वाकून पावलं धरायची, ती अर्धीच करायची, हात गुडघ्यांपर्यंत आले की पुरे, डोकं लोंबकळू द्यायचं नाही. सातवीत मुठी आवळून डोळे वटारायचे. इथे आमच्याकडच्या सगळ्या गरीब गाई एकदम महिषासुरमर्दिनी व्हायच्या. आठवीत टाचा उचलून हलकेच खाली सोडायच्या, सात वेळा. ओळीत म्हटलंय याने शंभर आजार जातात. जात नाहीत, पण पोटऱ्या बळकट होतात. आईची हाडं ठिसूळ असतील तर टाच आपटायची नाही, अलगद टेकवायची.

जुन्या ओळींत बऱ्याच हालचालींना एकेक अवयव जोडलाय, प्लीहा-जठर, मूत्रपिंड, हृदयातली आग वगैरे. चिनी वैद्यकाची ती मांडणी आहे, आपल्या वात-पित्त-कफासारखी. तिच्यावरून रिपोर्ट वाचायला जाऊ नये.

शिलालेख

काकू, माहितीपूर्ण. पण मुळात ही विद्या भारतातून गेली हे का लिहिलं नाही? भारतातून गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने शाओलिन मठातल्या भिक्षूंना ईचिनचिंग शिकवलं. म्हणजे आपलाच प्राणायाम चिनी कपडे घालून परत आलाय.

सूचौवाली_काकू

@शिलालेख, ऐकायला फार गोड आहे, पण जमत नाही. बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. ईचिनचिंग हा ग्रंथ सतराव्या शतकाआधी कुठे सापडत नाही, आणि त्याला जोडलेली, थांग काळातली (सातवं ते दहावं शतक) म्हणवणारी प्रस्तावना बनावट आहे हे चिनी अभ्यासकांनीच दाखवून दिलंय. शिवाय मावांगदुईची कबर बोधिधर्माच्या कितीतरी शतकं आधीची, बौद्ध धर्मही चीनमध्ये पोचला नव्हता तेव्हाची. नंतर बौद्ध ध्यानाची या पद्धतींशी देवाणघेवाण झाली, ते खरं. पण सगळं आपण दिलं असं म्हणायला आधार नाही. बादुआनचिनचं श्रेयसुद्धा कुणी सेनापती य्वे फेइला देतात. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मोठा माणूस लागतोच. पक्की गोष्ट एवढीच की हे नाव बाराव्या शतकातल्या सोंग काळच्या लेखनात आहे.

हुतात्म्यांचं_सोलापूर

अवांतर: चीन म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना डॉ. कोटणीस आठवतात. त्यांच्या पथकातल्या कुणी हे काही शिकून आलं होतं का?

सूचौवाली_काकू

छीगोंग नाही. कोटणीस शल्यविशारद, १९३८ ला गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्यांच्याबरोबरचे डॉ. बिजयकुमार बसू मात्र १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला परतून ते इथे रुजवलं. सूचौला दुकानदार 'इंदू' (म्हणजे भारत) ऐकून कोटणिसांचं चिनी नाव घ्यायचे, ख दिहुआ. म्हातारे सगळे ओळखायचे. माझं माहेर बार्शीचं, त्यामुळे ऊर भरून यायचा.

फिजिओ_नागपूर

गुडघ्यांच्या झिजेचे रुग्ण रोज बघते, म्हणून दोन गोष्टी. बादुआनचिनपेक्षा थाई चीवर जास्त चांगलं संशोधन आहे. बॉस्टनमध्ये गुडघ्यांच्या झिजेच्या २०४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना १२ आठवडे थाई ची, निम्म्यांना नेहमीची फिजिओथेरपी. वेदना दोन्हीकडे जवळपास सारख्याच कमी झाल्या. २०१९ च्या अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी थाई चीची ठाम शिफारस आहे. पार्किन्सनच्या रुग्णांचा तोल सुधारतो असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

यातलं काहीही 'ची वाहते' हे सिद्ध करत नाही. सावकाश हालचाल, एका पायावरून दुसऱ्यावर वजन नेणं, मांडीचे स्नायू कामाला लागणं, श्वास लांब होणं आणि रोज चार माणसांत जाणं, यांनी फरक पडतो. आईंसाठी: गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकला पाहिजे, आत कोसळता कामा नये. दुसऱ्या हालचालीत घोड्यावर बसल्यासारखं खाली जायचं असतं, ते जवळजवळ उभ्यानेच करा. सुरुवातीला पाठीशी भिंत किंवा बाजूला ओटा असू द्या. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर वाकायची हालचाल आधी डॉक्टरांना विचारून. आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

घोडबंदरकर

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काकू, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. महिषासुरमर्दिनीवर खूप हसली आणि लगेच डोळे वटारून दाखवले.

पहिली हालचाल चालू केलीय. अडचण अशी की ती श्वास मोजत बसते. हात वर जाईपर्यंत श्वास संपतो, मग धरून ठेवते, तोंड लाल होतं. प्राणायामाच्या सवयीमुळे असेल का? आणि एक नाजूक प्रश्न. ज्या मावशींनी शिबिराचं सांगितलं त्यांचा गेल्या वर्षी कॅन्सर निघालाय. त्या या शिबिराच्या भरवशावर पुढच्या केमोला टाळाटाळ करतायत. चीनमध्ये यानेच कॅन्सर बरे होतात असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. त्यांना काय सांगू?

सूचौवाली_काकू

श्वासाचं आधी. मोजणं आजपासून बंद. प्राणायामात श्वास पुढे आणि शरीर स्थिर. इथे शरीर हलतं आणि श्वास त्याच्या मागून येतो, आपल्या चालीने. नवशिक्यांनी सुरुवातीचे कितीतरी दिवस श्वासाकडे बघायचंच नाही, फक्त हालचाल नीट करायची. मध्येच श्वास संपला तर आणखी एक घ्यायचा, कुणी पट्टी घेऊन उभं नाही. धरून ठेवायचा नाही, रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नाही. हालचाल अंगवळणी पडली की श्वास आपोआप पोटात उतरतो. जिभेचं टोक हलकेच टाळूला लावायला सांगतात, त्याने तोंड कोरडं पडत नाही. लक्ष बेंबीच्या खाली तीन-चार बोटांवर, त्या जागेला दान्थ्येन म्हणतात. लक्ष म्हणजे ताणून बघणं नाही, दूध उतू जाऊ नये म्हणून आपण डोळ्याच्या कोपऱ्यातून गॅसकडे बघत असतो ना, तेवढंच.

श्वासाचंच काही करायचं असेल तर सहा ध्वनींचा प्रकार बघा. त्याची जुनी नोंद थाओ होंगचिंग या पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओवादी वैद्याच्या नावावर आहे: श्वास घ्यायची रीत एक, सोडायच्या सहा. शू, ह, हू, स, छ्वेइ, शी. प्रत्येक आवाजाबरोबर श्वास लांब सोडायचा. पूर्वी हे ध्वनी मनातल्या मनात करत, आताच्या प्रमाण रूपात ऐकू येतील असे काढतात. अवयवांशी त्यांची जोडणी आहे, ती बाजूला ठेवली तरी सोडलेला श्वास लांबतो आणि घेतलेला आपोआप नीट येतो. आईला आवडेल, ओंकाराची सवय असेल तर लवकर जमेल. घरातले हसतील, हसू दे.

आता मावशी. त्यांना ग्वो लिनबाईंची गोष्ट सांग, कारण 'चीनमध्ये बरे होतात' या बोलण्याचा उगम बहुतेक तिथेच आहे. त्या बीजिंगमध्ये चित्रकला शिकवायच्या. गर्भाशयाचा कॅन्सर झाला, तो पुन्हा उलटला. घराण्यात आजोबांकडून काही पद्धती आल्या होत्या, त्यांतून त्यांनी चालत करायचा एक प्रकार बसवला: नाकाने दोनदा लहान श्वास आत, एकदा बाहेर, पाऊल टाचेवर टेकवत, हात कमरेसमोरून डोलवत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बीजिंगच्या बागांत त्या कॅन्सरच्या रुग्णांना तो शिकवायला लागल्या. तेव्हा असं जमणंही संशयास्पद होतं, पोलिसांचा त्रास झाला, तरी शिकवत राहिल्या. १९८४ मध्ये गेल्या. आजही चिनी बागांत सकाळी एका रांगेत शू-शू करत चालणारी माणसं दिसली तर ती बहुधा ग्वो लिनची पद्धत असते. सूचौलाही होती, माझ्या खिडकीतून दिसायची, काहींच्या डोक्यावर विणलेल्या टोप्या, केमोने केस गेलेले.

म्हणजे बघ, ती माणसं केमो घेऊन बागेत यायची. ग्वो लिनबाईंच्या स्वतःच्याही शस्त्रक्रिया आधी झाल्या होत्या, एक नाही, बऱ्याच. उपचार टाळून त्या चालायला लागल्या नाहीत. मावशींना म्हण, केमो घ्या आणि डॉक्टर हो म्हणाले तर मधल्या बऱ्या दिवसांत सकाळी चाला. सोबतीला तुझी आई जाईल. तेही फुकट. शिबिराची फी वाचेल त्यात येण्या-जाण्याची रिक्षा होईल. आणि त्या ऐकत नसतील तर त्यांच्या मुलांशी बोल, हे लपवून ठेवायचं नाही.

जरा_थांबा

काकू, मी ऊर्जावाल्यांची टिंगल करायला आलो होतो, आणि आता टाचा उचलून खाली सोडतोय. खालच्या मजल्यावरून फोन आला, काय चाललंय म्हणून.

सूचौवाली_काकू

@जरा_थांबा, अलगद, म्हटलं होतं.

घोडबंदरकर

मावशींच्या मुलीशी बोललो. ती पुण्याला असते, तिला काहीच माहीत नव्हतं. शनिवारी येतेय, त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे.

एक शेवटचं विचारतो. बाबाही आता मागे लागलेत. वय ७२, तोल जातो, उभं राहून जास्त वेळ जमत नाही. आणि दोघांना रात्री जेवून झाल्यावर गच्चीत करायचंय, सकाळी दुधाची-पाण्याची गडबड असते.

सूचौवाली_काकू

बाबांचा तोल का जातो ते आधी डॉक्टरांना दाखव, तो व्यायामाचा विषय नाही. ते झालं की खुर्चीत बसून पहिली, तिसरी आणि चौथी सहज होते. खुर्ची हात नसलेली, चाकं नसलेली, भिंतीला टेकवून. पावलं पूर्ण जमिनीवर टेकली पाहिजेत, नाही टेकली तर खाली पाट ठेव. धनुष्य बसूनही ओढता येतं, आणि मुठी आवळून डोळे वटारायला तर काहीच हरकत नाही.

जेवून लगेच नाही. संध्याकाळी दिवेलागणीला करा, चहा झाल्यावर थोड्या वेळाने. गच्चीत वारा असेल तर लाओशींच्या मते मानेला आणि कमरेला वारा लागू द्यायचा नाही. मला ते फारसं पटलेलं नाही, पण पाठ घामेजलेली असताना गार वाऱ्यात उभं राहू नये हे आपली आजीही सांगायची. आईने सपाट तळाची चप्पल किंवा कापडी बूट घालावेत, मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर नको. बादुआनचिनच्या चित्रफिती भरपूर मिळतात, पांढऱ्या रेशमी कपड्यांतला तरुण कमरेतून दुमडतो तशी बघू नका. म्हाताऱ्या माणसांचा गट बागेत करतोय अशी शोधा, त्यांचे गुडघे आपल्यासारखेच असतात.